आईचा रकाना

"ही आई आहे की फर्निचर?"

मृणालताईंनी असं विचारलं आणि हॉलमधल्या आम्ही वीस-बावीस बाया हसलो. मीसुद्धा हसले. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर सांगायचं ठरवलं तर मी ते गाळून टाकीन.

दादरला आमच्या केंद्राचा वरचा हॉल. एसी चालू, पडदे ओढलेले. लहान मुलांच्या वाढीत काही अडचण असेल तर ती लवकर ओळखायची आणि घरच्यांना वेळेत मदत करायची, हे ह्या केंद्राचं काम. मला तिथे लागून नऊ दिवस झाले होते. घरोघरी जाणारी कार्यकर्ती. गळ्यात ओळखपत्र, पिशवीत कोरे फॉर्म. मृणालताई केंद्राच्या मुख्य, त्याच आम्हाला शिकवत होत्या. तिथे सगळ्या एकमेकींना ताई म्हणतात. मला ते फार आवडलं होतं.

पडद्यावर एक बाई चटईवर बसलेली. तिचं तोंड धुरकट केलेलं. पुढ्यात पावणेदोन-दोन वर्षांची मुलगी, तिचंही तोंड धुरकट. खेळण्यांची टोपली. बाई मुलीच्या मांडीवर दोनदा थोपटते. मुलगी ठोकळा उचलून बाईपुढे धरते. बाई गप्प. मग एकदा थोपटते. मुलगी ठोकळा खाली ठेवते. तीन मिनिटं हेच चाललेलं.

"बघा, मूल पुढाकार घेतंय," मृणालताई म्हणाल्या. "ते बिचारं देतंय, दाखवतंय. आणि आई? एक शब्द? एक तरी शब्द?" मग त्या थांबल्या आणि फर्निचरचं ते वाक्य बोलल्या.

आम्ही हसलो. माझ्या शेजारी शिवडीची सुषमा बसायची, तिने मला कोपर मारलं आणि मी आणखी हसले. चित्र पुढे सरकलं. मुलगी वळली. तिच्या फ्रॉकच्या खिशावर बदक होतं. उलटं. डोकं खाली, पाय वर.

ते बदक मी लावलेलं होतं. शिवताना लक्ष नव्हतं, उलटं लागलं, उसवायचा कंटाळा केला. पिवळा फ्रॉक. माझी मुलगी दुर्वा. धुरकट तोंडाची बाई मी होते.

चित्र थांबलं. खाली अक्षरं आली. केस चौदा. आईचा सहभाग : शून्य.

माझ्या तोंडावर अजून हसू होतं. ते कसं काढायचं ते मला कळेना.

आम्ही लालबागला राहतो. तिसऱ्या मजल्यावर एक खोली. सासूबाई, माझे मिस्टर, मी आणि दुर्वा. सासरे गिरणीत होते, ते मी पाहिले नाहीत. मिस्टर रे रोडला लाकडाच्या वखारीत आहेत. दुर्वा माझ्या माहेरी झाली, कणकवलीच्या पुढे आत गाव आहे तिथे. कान तपासायचे असतात हे तिथे कुणी सांगितलं नाही, आम्हाला ठाऊक नव्हतं.

ती सव्वा वर्षाची झाली तरी हाक मारली की बघायची नाही. मला पहिल्यांदा वाटलं, अंगातच आहे तिच्या, हट्टी आहे. मग वाटलं, नाही, हिला ऐकूच येत नाही. सासूबाईंना म्हटलं तर त्या म्हणाल्या, "ढोलाक वळता मां? मगे कान बरे आसत. बोलात गो ता. तेचो बापूस पण उशिरान बोललो."

ढोलाला ती वळायची हे खरं. आमच्याकडे काय, गणपती यायच्या दोन महिने आधीपासून सराव सुरू. खाली ढोल वाजायला लागला की दुर्वा खिडकीकडे जायची. आम्ही सगळे खूश. लालबागची पोर, ढोल ऐकते. ढोल कानानेच ऐकावा लागत नाही, तो जमिनीतून, छातीतून येतो, हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही. आमच्या आलं नाही ते ठीक आहे. आम्ही शिकलेले नाही.

बोलून काही होत नाही म्हटल्यावर मी तिला हाताने सांगायला लागले. कुणी शिकवलं नव्हतं. मांडीवर दोनदा थोपटलं की दे. एकदा थोपटलं की ठेव. पाठीवर गोल हात फिरवला की झोपायचं. ती लगेच शिकली. दिवसभर आमचं दोघींचं असं चालायचं. त्या खोलीत आमची चांगली गट्टी होती. ते दिवस मला आठवतात.

अंगणवाडीच्या बाईंनी दादरच्या केंद्राचं सांगितलं. मी दुर्वाला घेऊन गेले. आधी खेळायच्या खोलीत बसवलं. कोपऱ्यात कॅमेरा होता. "नेहमीसारखं खेळा," म्हणाल्या. मी नेहमीसारखीच खेळले. बोलले नाही, कारण दुर्वाला बोललेलं लागत नव्हतं. आणि कॅमेऱ्यात माझं मालवणी वळणाचं बोलणं जाईल, ह्याची लाज वाटली हेही खरं. त्याआधी एक कागद पुढे आला होता. इंग्रजीत. सही कुठे करायची तिथे पेन्सिलने फुली मारलेली. मी केली.

नंतर मृणालताईंच्या खोलीत मी म्हटलं, "मॅडम, हिला ऐकू येत नाही वाटतं."

त्या हसल्या. वाईट नाही हसल्या. समजूतदार हसल्या. "असं सगळ्याच आया म्हणतात. लालबागला राहता ना तुम्ही? ढोलाला वळते का?"

"वळते."

त्यांनी दुर्वाच्या मागे जाऊन टाळी वाजवली. मी दचकले, दुर्वाने माझं तोंड बघितलं आणि मागे वळली. "वळली की," त्या म्हणाल्या. कानाच्या रकान्यात 'ठीक' लिहिलं. मग फॉर्म उलटला. मागच्या पानावर आईचा रकाना होता. तो त्यांनी खूप वेळ भरला. शिक्षण किती. घरात पुस्तकं आहेत का. दिवसाला किती वेळ बोलता. मोबाइल किती बघता. मी खाली बघून उत्तरं दिली.

"दुर्वाला काही झालेलं नाही," शेवटी म्हणाल्या. "तुम्ही तिच्याशी बोलत नाही. एवढंच आहे. आणि ते थोपटणं आधी बंद करा. तुम्ही थोपटलंत की ती शब्दाची वाट कशाला बघेल?"

एक वही दिली. रोज चार तास मुलीशी बोलायचं. प्रत्येक तासाला एक रेघ. दर पंधरवड्याला वही आणून दाखवायची.

मी चौदा महिने बोलले.

काय काय बोलले ते आता सांगताना हसू येत नाही. हा बघ तांदूळ. तांदूळ पांढरा. मी तांदूळ धुते. हा बघ नळ. नळाला पाणी आलं. आता आई कांदा कापते. कांदा गोल. एकटीच. खोलीत, गॅलरीत, संडासच्या रांगेत. शेजारच्या बाया तोंडाला पदर लावायच्या. सासूबाई पहिला महिना गप्प होत्या, मग म्हणाल्या, "तुका पिसां लागलां काय गो?" मिस्टर वखारीतून आले की मी बोलतच असायची, कारण तास पुरे व्हायचे असायचे. ते म्हणाले, "किती बोलतेस. डोकं उठतं." मोबाइल घेऊन गॅलरीत बसायला लागले. माझ्याशी बोलायला कुणी उरलं नाही. मी बोलत होते आणि उत्तर कुठूनच येत नव्हतं. कधीकधी दुपारी मला माझाच आवाज नकोसा व्हायचा, पण रेघ मारायची राहिलेली असायची.

ह्यात जे झालं ते मी कुणाला फारसं सांगितलेलं नाही. थोपटणं बंद केल्यावर सुरुवातीला दुर्वा माझ्याजवळ यायची, माझा हात उचलायची आणि स्वतःच्या मांडीवर ठेवायची. बोल, म्हणायची मला. तिच्या भाषेत. मी हात काढून घ्यायचे. मॅडमनी सांगितलं होतं. ती परत ठेवायची, मी परत काढायचे आणि वर तोंडाने म्हणायचे, दुर्वा, हा बघ चेंडू. पाच-सहा आठवडे ती आली. मग यायची बंद झाली. कोपऱ्यात वाट्यांवर वाट्या रचत बसायला लागली. एका खोलीत आम्ही दोघी आणि दोघी एकट्या.

मी वहीत मात्र सगळ्या रेघा मारल्या. एकही चुकवली नाही. केंद्रात गेलं की मृणालताई वही बघायच्या. "छान. पण मनापासून बोलता का? मुलांना कळतं हं." मला वाटायचं, खरंच, माझ्या मनातच काही कमी आहे. मी घरी जाऊन पाच तास बोलायचे.

एक दिवस सकाळी कुकरची शिटी अडकली आणि वरचा व्हॉल्व्ह उडाला. भात छताला. बंदूक सुटावी तसा आवाज झाला. सासूबाई किंचाळल्या, शेजारचे धावत आले, खालच्या मजल्यावरून लोक वर आले. दुर्वा कॉटवर आमच्याकडे पाठ करून बसली होती. तिने एक वाटी उचलली आणि दुसरीवर ठेवली.

मी तिच्या पाठीकडे बघत उभी राहिले. कुणीतरी मला विचारत होतं, भाजलं का, भाजलं का.

दुसऱ्या दिवशी मी कुणाला न विचारता तिला परळच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. एकटी. तीन खेपा झाल्या. तिसऱ्या वेळी तिला औषध देऊन झोपवलं, डोक्याला वायरी लावल्या. कागद आला. दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. जन्मापासून. तिथले डॉक्टर वयाने लहान होते. म्हणाले, "ताई, हिला वर्षभर आधी आणायला हवं होतं. ह्या वयात एकेक महिना मोलाचा असतो. कुठे दाखवत नव्हता का?" मी म्हटलं, दाखवत होते. कुठे ते सांगितलं. ते पुढचा कागद लिहायला लागले.

केंद्रात जाऊन मी तो कागद दाखवला. भांडायला नाही गेले. मला वाटलं, सांगायला हवं. मृणालताईंनी वाचला. "अरे! बरं झालं कळलं. पण तुम्ही एवढं बोललात ते काही वाया नाही गेलं हं. आई म्हणून तुम्ही किती वाढलात!" मी त्यांचे आभार मानून आले.

ऑपरेशन झालं, कानामागे मशीन लागलं. दुर्वा पहिल्यांदा 'आई' म्हणाली तेव्हा पाच वर्षांची होती. ऐकणारे म्हणतात, किती गोड. मला राग येतो. आता ती सात वर्षांची आहे. तिचं बोलणं मला कळतं, तिच्या बाबांना अर्धं कळतं, बाहेर कुणाला कळत नाही. मैदानात पोरं तिला खेळायला घेतात आणि थोड्या वेळाने सोडून देतात. ती माझ्याकडे येऊन उभी राहते आणि काय झालं ते सांगत नाही.

एवढं होऊनही मी केंद्रात नोकरीला गेले. त्यांना वस्तीतल्या, गल्ल्या माहीत असलेल्या बाया हव्या होत्या. माझी मुलाखत मृणालताईंनीच घेतली आणि मला ओळखलं नाही. मला त्याचंही काही वाटलं नाही. मी वाईट आई होते आणि ह्या लोकांनी मला सुधारलं, असं मी धरून चालले होते. आता दुसऱ्या बायांना आपण सुधारू. अशी मी होते. म्हणून तर हसले.

त्या हॉलमध्ये पडद्यावरचं 'शून्य' मी बघत होते आणि मला पहिल्यांदा कळलं की ती बाई बोलत होती. सबंध तीन मिनिटं बोलत होती. मुलगी उत्तर देत होती. आणि खोलीतल्या कुणाला ते दिसलं नव्हतं. मलासुद्धा दिसलं नव्हतं. मी उभी राहिले.

"ताई, ती बाई मी आहे."

"कोण?"

"फर्निचर."

मृणालताईंनी दिवे लावायला सांगितलं. माझ्याकडे नीट बघितलं. "अय्या, तुम्ही दुर्वाची आई ना? लक्षातच नाही आलं हं माझ्या. प्लीज, गैरसमज नको. हे फक्त शिकवण्यासाठी आहे. चेहरा ब्लर केलाय. आणि संमतीपत्रावर तुमची सही आहे."

"आहे. इंग्रजीत होतं ते. फुली तुम्ही मारून दिली होती."

"आपण ब्रेकमध्ये बोलूया का?"

"नको. हसलो सगळ्यांसमोर. बोलू पण सगळ्यांसमोर. परत लावा ते."

कुणी लावलं नाही. कॉम्प्युटरवरची मुलगी ताईंकडे बघत राहिली. मग मीच पडद्यापाशी गेले. बोट ठेवून दाखवलं. दोनदा थोपटलं म्हणजे दे. तिने दिला. एकदा थोपटलं म्हणजे ठेव. तिने ठेवला. "हा पुढाकार नाही ताई, ही उत्तरं आहेत. ह्या मुलीला दोन्ही कानांनी ऐकू येत नव्हतं. मी पहिल्या दिवशी तुम्हाला सांगितलं. तुम्ही ढोल विचारलात, टाळी वाजवलीत, ठीक लिहिलंत आणि मग मला तपासत बसलात. चौदा महिने मला तपासलंत. तिला नाही."

"तुम्ही आत्ता भावनिक झाला आहात."

"झालेय. पण खोटं बोलत नाहीये."

"बरं. आम्ही ही क्लिप वापरणार नाही. ओके?"

"वापरा की. माझं तोंड झाकू नका. उघडं दाखवा. आणि त्या शून्याखाली लिहा, ह्या मुलीला ऐकू येत नव्हतं आणि ते ह्या केंद्राला चौदा महिने कळलं नाही."

मृणालताईंनी घड्याळ बघितलं आणि म्हणाल्या, "चहा घेऊया."

चहाला मी एकटी होते. कप घेऊन खिडकीशी उभी. नऊ दिवस सुषमाने माझ्या डब्यातलं माशाचं तिखलं खाल्लं होतं. ती समोरच्या भिंतीला गेली. तिचं चुकलं असं मी म्हणत नाही. तिलाही नोकरी टिकवायची होती. पण वीस बाया, सगळ्या माझ्यासारख्याच खोल्यांतून आलेल्या, सगळ्यांची पोरं असलेल्या, आणि एकीने वर बघितलं नाही. हसताना आम्ही सगळ्या एक होतो.

संध्याकाळी घरी सांगितलं. मिस्टर म्हणाले, "गप बसायचं ना. काढतील आता."

काढलं नाही. तीन दिवसांनी ताईंनी बोलावून सांगितलं, "क्लिप डिलीट केली हं. आता शांत व्हा." मला आधी बरं वाटलं. जिना उतरताना कळलं की माझ्याबरोबर त्यांची चूकही पुसून गेली. आता ती कुठेच नाही. पुढच्या बॅचला त्यांनी नवी क्लिप लावली. दुसरी बाई. तिचं तोंड धुरकट. हॉलच्या दाराबाहेर मी उभी होते. आतून हसू ऐकू आलं.

त्या दिवशी मी ऑफिसला अर्ज दिला. मराठीत, माझ्या हाताने लिहून. मुलाचे कान मशीनवर तपासल्याचा कागद जोडल्याशिवाय मी आईचा रकाना भरणार नाही. दोन प्रती नेल्या, एकीवर पोच घेतली, शिक्का मारून घेतला. क्लार्क म्हणाला, "ह्याची काय गरज होती?" मी म्हटलं, मार शिक्का.

तेव्हापासून मी असंच काम करते. परळला, काळाचौकीला, शिवडीला. घरात गेले की आई घाबरून पदर सावरते, पुस्तक नसलेल्या फळीकडे बघते आणि विचारते, "माझं काही चुकलं का?" मी पेन बंद करते. तिचा हात मुलाच्या अंगावर कुठे आहे, मूल तिच्याकडे कसं बघतं, ते आधी बघते. मग दवाखान्याचा वार आणि वेळ लिहून देते. ती एकटी जायला घाबरली तर मीच जाते तिच्याबरोबर, माझ्या सुट्टीच्या दिवशी.

फॉर्म परत येतात. वर लाल अक्षरात 'अपूर्ण'. सोळा आलेत. मृणालताईंनी दोनदा तोंडी सांगितलं, एकदा लेखी दिलं. माझ्याशी आता ऑफिसात कुणी फारसं बोलत नाही, माझ्या टेबलाजवळची खुर्ची रिकामी असते. त्याची मला सवय आहे. सोमवारी सतरावा फॉर्म देणार आहे. तोही अपूर्ण. घ्यायचा तर घ्या, नाहीतर मला काढा आणि काढल्याचं कारण कागदावर लिहून द्या.